जुन्या कॉलेजच्या इमारतीचं काम काढण्याआधी

आम्ही जुन्या दगडी इमारतींची दुरुस्ती करतो. संस्थाचालक, प्राचार्य किंवा कुलसचिव आमच्याकडे येतात तेव्हा बहुतेकांच्या हातात एक यादी असते. एसी, फॉल्स सीलिंग, बाहेरून रंग, छतावर सोलर. यादीत वावगं काही नसतं, क्रम उलटा असतो. शंभर-दीडशे वर्षांची दगडी इमारत वीज येण्याआधी बांधलेली आहे. ऊन, पाऊस आणि उजेड यांचा हिशेब बांधणाऱ्यांनी भिंतीतच केलेला होता. गेल्या पन्नासेक वर्षांत आपण तो एकेक करून बुजवला. आमचं निम्मं काम बुजवलेलं उघडण्यातच जातं.

पुण्याच्या गणेशखिंडीतली विद्यापीठाची मुख्य इमारत घ्या. जेम्स ट्रब्शॉ यांच्या आराखड्यावरून १८६४ ते १८७१ या काळात ती उभी राहिली, मुंबईच्या गव्हर्नरच्या पावसाळी मुक्कामासाठी. १९४९ मध्ये विद्यापीठ सुरू झालं आणि साहेबाच्या बंगल्यात विद्यापीठाचा कारभार आला. म्हणजे वापर बदलण्याची भीती नको. भीती बाळगायची ती सिमेंटची.

ओल कुठून येते

काळवत्री दगड (बेसाल्ट) घट्ट असतो, पाणी फारसं पीत नाही. भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडते ती दगडांमधल्या चुन्याच्या दरजांतून. ‘मजबुती’ म्हणून या दरजा सिमेंटने भरल्या की ओलीची वाट बंद होते. मग ती आतल्या बाजूला येते, लोणा लागतो, पोपडे सुटतात, आणि त्यावर पुन्हा ऑइलपेंट मारला जातो. मुंबईतल्या पोरबंदरी दगडाचं दुखणं आणखी वेगळं. तो मऊ चुनखडीचा दगड, त्यामुळे सिमेंटची दरज शाबूत राहते आणि दगडच झिजू लागतो.

उपाय सरळ आहे, वेळखाऊ आहे. सिमेंट हातछिन्नीने काढायचं (ब्रेकर नाही, कोपरे उडतात), भिंत वाळू द्यायची आणि भिजवून मुरवलेल्या चुन्यात सुरखी (विटेची भुकटी) घालून दरजा पुन्हा भरायच्या. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो. घाई केली तर काय होतं ते आम्ही स्वतः भोगलं आहे. सुरुवातीच्या एका कामात गिलावा लवकर धरावा म्हणून चुन्यात थोडं सिमेंट मिसळू दिलं. पुढच्याच पावसाळ्यात ती भिंत फुगली. सगळा गिलावा आमच्या खर्चाने काढून पुन्हा केला. त्यानंतर चुन्याच्या कामावर सिमेंटची गोणी दिसली की मुकादमाला आधी तीच उचलायला लावतो.

उकाडा

दोन-अडीच फुटी दगडी भिंत दुपारचं ऊन आत पोचायला कित्येक तास लावते. रात्री खिडक्या आणि वरचे झरोके उघडे राहिले तर तीच भिंत गार होऊन सकाळचे तास सोसवते. प्रत्यक्षात झरोके प्लायवूडने बंद, व्हरांड्याला अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या लावून त्याची कचेरी केलेली, आणि कौलांखाली फॉल्स सीलिंग. सीलिंगच्या वर हवा कोंडते, वाळवी लागली तरी दिसत नाही. आम्ही सीलिंग काढतो, वासे आणि रिपा तपासतो, कौलांखाली उष्णतारोधक थर घालतो आणि मधूनमधून काचेची कौलं बसवतो. दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लावून शिकवण्याची वेळ बऱ्याच वर्गांत त्यानंतर येत नाही.

पंखे बदलणं सर्वात स्वस्त. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास. आठ पंख्यांचा वर्ग दिवसाला सहा तास, वर्षाला दोनशे दिवस चालला तर सुमारे ४३० युनिट वाचतात. वर्ग किती आहेत ते आपण मोजा.

एसी कुठेच नको असं आमचं म्हणणं नाही. पण पोथ्या आणि हस्तलिखितं असलेल्या खोलीत दहा ते पाच एसी लावून रात्री बंद करणं हे मुळीच न लावण्यापेक्षा वाईट. दमटपणा रोज खालीवर होतो, कागद ताणतो-आक्रसतो, बुरशी धरते. तिथे एक तर चोवीस तास नियंत्रण, नाही तर कोरडी, खेळती हवा. मधला मार्ग नाही. ग्रंथपालांना विचारून पाहा, तेही हेच सांगतील.

सोलर पॅनेल जुन्या कौलारू छतावर आम्ही शक्यतो घालत नाही. शेजारच्या आरसीसी इमारतीची गच्ची किंवा पार्किंगची शेड असतेच. वीज कुठूनही आली तरी पंख्याला फरक पडत नाही. लिफ्टही मागच्या अंगाला, स्वतःच्या खांबांवर उभी करतो, म्हणजे भिंत कापावी लागत नाही. रॅम्प मात्र पुढच्या दारालाच हवा. दिव्यांग विद्यार्थ्याला मागच्या दाराने आत घेणं बरं दिसत नाही.

परवानगी

मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, तिच्यात वारसा इमारतींच्या तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत आतबाहेर हात लावायला जवळजवळ मनाई, दुसरीत आतल्या बदलांना वाव, तिसरीत आणखी मोकळीक. फोर्टमधलं विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर ज्या परिसरात आहेत, तो २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. शहरागणिक नियम बदलतात. अर्ज आणि नकाशे आम्ही करतो, सही संस्थेची लागते.

कधी सुरू करायचं

सगळे मे महिन्याची सुट्टी सुचवतात. कौलं उतरवायला ती ठीक. चुन्याला मात्र मेचं ऊन मानवत नाही, लवकर सुकून तडे जातात. चुन्याचं काम दिवाळीनंतर, भिंतीला ओलं गोणपाट लावून, एका वेळी एकच बाजू. वर्ग चालू ठेवता येतात. परीक्षेच्या दिवसांत छिन्नी बंद.

पहिल्या भेटीसाठी बारा महिन्यांची वीजबिलं, जुने नकाशे असतील तर ते, आणि इमारतीत सर्वात जास्त वर्षं काढलेला शिपाई, एवढं हाताशी ठेवा. कुठलं पन्हळ कधी फुटलं हे त्यालाच ठाऊक असतं. ही भेट आम्ही विनामूल्य देतो, आणि जमलं तर मुसळधार पावसाच्या दिवशी येतो.