पस्तीस हजार शब्दांची फूटपट्टी

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एरवी वाढदिवसाचे केक आणि कुणाकुणाच्या गुडघ्यांचे एक्स-रे येतात. गेल्या महिन्यात तिथे न्यू जर्सीच्या दादाने एक आलेख टाकला. खाली दोनच शब्द: "विषय संपला."

विषय तसा घरगुती. दादा माझा मावसभाऊ. १९९८ साली शिकायला अमेरिकेत गेला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. त्या वर्षी त्याच्या कानांत हिप-हॉप शिरलं आणि मागोमाग दार लागलं ते कायमचं. त्याचा मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. शाळेत सोडायला जाताना गाडीत रोज एकच भांडण. बाप म्हणतो, आमचे रॅपर कवी होते, तुमचे नुसते पुटपुटतात. मुलगा म्हणतो, बाबा, तुमच्या गाण्यांना कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास येतो. तर आता बापाने पुरावाच आणला होता. कोणत्या रॅपरने किती वेगवेगळे शब्द वापरले, याची ती क्रमवारी होती आणि जुनी नावं बरीच वर दिसत होती.

थोड्या वेळाने पुतण्याचा मला वेगळा मेसेज आला. "काका, हे खरंय का?"

वीस वर्षं संख्याशास्त्र शिकवल्यावर असा प्रश्न कुणी आपणहून विचारला, तर माझं जेवण गार होतं. तसंच झालं.

हा आलेख बनावट नाही. मॅट डॅनियल्स नावाच्या अमेरिकन गृहस्थाने २०१४ मध्ये पंच्याऐंशी रॅपरांची गाणी घेतली, प्रत्येकाचे पहिले पस्तीस हजार शब्द मोजले आणि त्यांत निरनिराळे शब्द किती, ते काढलं. पहिला आला एसॉप रॉक, ७,३९२ शब्द. वू-टँग क्लॅन या न्यूयॉर्कच्या टोळक्याचे ५,८९५. गंमत म्हणून शेक्सपिअरलाही रांगेत उभं केलं होतं. त्याच्या सात नाटकांमधले प्रत्येकी पाच हजार शब्द घेतले, तर ५,१७० निघाले. म्हणजे काही रॅपर शेक्सपिअरच्या पुढे! बातमी जगभर गाजली यात नवल नाही. पुढे २०१९ मध्ये त्याने आणखी कलाकार घालून यादी वाढवली, आणि अलीकडचे बरेच जण त्यात कमी शब्दांच्या बाजूला दिसतात हेही कबूल करायला हवं. दादाचं बोट तिथेच होतं.

एखाद्या गोष्टीचा एकदा आकडा निघाला की माणसाचं डोकं आपोआप झुकतं. पत्रिकेत छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले की दोन्ही घरं खूश. ते गुण कशाचे, कुणी मोजले, असं विचारणारा मामा मंगलकार्यात नकोसा होतो. डॅनियल्सची मोजणी त्या जातीची नाही. तिची पद्धत त्याने उघड सांगितली आहे आणि कुणालाही ती पुन्हा करून बघता येते. पण 'मोजलं' म्हणजे 'जे मोजायचं होतं तेच मोजलं' असं होत नाही.

पहिला प्रश्न हा की पस्तीस हजारच का? सगळीच गाणी का घेतली नाहीत? माझा जीव अडकतो तो इथे.

लहानपणी आम्ही बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रं जमवायचो. पहिल्या दहा पाकिटांत जवळजवळ प्रत्येक चित्र नवं. पन्नासाव्या पाकिटापर्यंत हातात तेच ते चेहरे, आणि शंभराव्याला चिडून गम न खाताच फेकलेला. शब्दांचंही असंच होतं, फक्त एक फरक आहे. चित्रांचा संच कधीतरी पुरा होतो, भाषेचा होत नाही. नवे शब्द येत राहतात, पण दिवसेंदिवस हळू.

असं होण्याचं कारण जॉर्ज झिफ या हार्वर्डच्या अभ्यासकाच्या नावाने ओळखलं जातं. कुठलाही लांब मजकूर घ्या आणि शब्दांना वापरानुसार क्रमांक द्या. दुसऱ्या क्रमांकाचा शब्द पहिल्याच्या साधारण निम्म्याने येतो, तिसरा एकतृतीयांशाने, शंभरावा शंभरांशाने. मराठीत 'आहे', 'आणि', 'तो', 'मी' अशी मूठभर मंडळी सगळी जागा अडवून बसतात. त्यांच्यामागे लांबच लांब शेपूट असते, आणि त्या शेपटातले शब्द संपूर्ण मजकुरात एकदाच डोकावून जातात. मजकुरातल्या निरनिराळ्या शब्दांपैकी सुमारे निम्मे असे एकदाच येणारे असतात. विश्वास बसत नसेल तर आजच्या अग्रलेखात पेन्सिल घेऊन बसा. मी बसलो आहे. चहा गार होतो, पण नियम पाळला जातो.

या लांब शेपटातून दुसरा नियम निघतो, हीप्सचा. एकूण शब्द वाढतात तसे निरनिराळे शब्द वाढतात, पण साधारण वर्गमूळाच्या चालीने. नेमका घातांक भाषेगणिक आणि लेखकागणिक थोडा बदलतो. इथे सोपं जावं म्हणून वर्गमूळच धरू आणि पुढे तीसचा गुणक लावू. हा तीस मी हिशेबासाठी घेतलाय, कुणा रॅपरचा नाही.

पस्तीस हजार शब्दांचं वर्गमूळ सुमारे १८७. गुणिले तीस, म्हणजे ५,६१२ निरनिराळे शब्द. आता त्याच माणसाने सत्तर हजार शब्द लिहिले तर? ११,२२४ होत नाहीत, ७,९३७ होतात. दुप्पट लिहूनही शब्द वाढले १.४ पट. आणि 'दर शंभरात निरनिराळे किती' असं मोजलं, तर पहिल्या वेळी सोळा आणि दुसऱ्या वेळी जेमतेम अकरा. म्हणजे जो जास्त लिहितो तो टक्केवारीत गरीब दिसतो आणि एकूण बेरजेत श्रीमंत. दोन्ही फसवंच. म्हणून सगळ्यांना एकाच लांबीवर कापावं लागतं. डॅनियल्सने हे बरोबर ओळखलं होतं, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पण कापताना एक चोर आत राहिला, तो म्हणजे ध्रुवपद.

हिशेब करून पाहू. एक गाणं पाचशे शब्दांचं धरलं, तर पस्तीस हजारात सत्तर गाणी बसतात. जुन्या धाटणीच्या गाण्यात चाळीस शब्दांचं ध्रुवपद चारदा येतं असं समजा. पहिल्यांदा येतं तेव्हा ते खरं लेखन. उरलेल्या तीन वेळांचे एकशे वीस शब्द नुसती परतफेड, त्यांतून नवा शब्द एकही नाही. सत्तर गाण्यांत असे ८,४०० शब्द वाया. उरले २६,६००. वर्गमूळ १६३, गुणिले तीस, सुमारे ४,८९३.

आता आजच्या धाटणीचं गाणं. ध्रुवपद साठ शब्दांचं आणि पाचदा. परतफेडीचे शब्द दोनशे चाळीस. सत्तर गाण्यांत १६,८००. उरले १८,२००. वर्गमूळ १३५ च्या आसपास, निरनिराळे शब्द सुमारे ४,०४७.

माणूस तोच. डोकं तेच. गुणक तोच, वर्गमूळाचा नियमही तोच. फक्त गाण्याचा साचा बदलला आणि साडेआठशे शब्द गळून गेले. आलेखावर बघणारा म्हणणार, बघा, नव्या पिढीची भाषा आटली!

(ज्यांना वर्गमूळ पाहून दहावीचा पेपर आठवला त्यांनी मागचे चार परिच्छेद सोडले तरी चालेल. पण ध्रुवपद लक्षात ठेवा.)

आपल्याला तर हे कळायला गणितही नको. वारीत तास-तासभर 'ज्ञानोबा माउली तुकाराम' चालतं. कुणी ते ध्वनिमुद्रण यंत्रात घातलं तर निकाल येईल: एकूण शब्द हजारो, निरनिराळे तीन. त्यावरून वारकऱ्यांना शब्द येत नाहीत असं कुणी म्हटलं, तर त्याला टाळांच्या मधोमध उभं करायला हवं.

साचा बदलला त्याला कारणं आहेत. २००५ नंतर टी-पेनसारख्या अमेरिकन गायकांनी ऑटोट्यून, म्हणजे आवाजाचा सूर यंत्राने बदलण्याचं तंत्र, लावून रॅप आणि गाणं यांतली भिंत पातळ केली. गायचं म्हटलं की आळवणं आलं, आळवणं म्हटलं की पुनरुक्ती आली. त्यात स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एक ऐकणं मोजलं जातं. मग ध्रुवपद आधीच तोंडावर फेकावंसं वाटलं, तर त्यात रॅपरच्या अकलेचा प्रश्न कुठे येतो?

शब्द मोजणाऱ्या यंत्राचा आणखी एक खोडसाळपणा आहे. डॅनियल्सच्या मोजणीत एकाच शब्दाची वेगवेगळी रूपं वेगवेगळे शब्द म्हणून धरली होती. इंग्रजीत एका नामाची रूपं मोजकीच. मराठीत बघा: घर, घरात, घरातला, घरातल्याला, घरातल्यांनासुद्धा. हीच फूटपट्टी लावली तर धारावीतला किंवा पुण्यातला कुणीही होतकरू मराठी रॅपर नुसत्या विभक्तिप्रत्ययांच्या जोरावर शेक्सपिअरला मागे टाकेल. हे मी पुतण्याला सांगितलं तेव्हा तो इतका हसला की फोनवर त्याची आई विचारायला आली.

मग त्याने माझ्या डोक्यात नसलेला मुद्दा काढला. म्हणाला, "काका, पण यात लय कुठेय?"

खरंच कुठे आहे? अटलांटाच्या मिगोस या तिघांनी २०१३ च्या सुमारास जी चाल घराघरात नेली, तिला तिकडे ट्रिपलेट फ्लो म्हणतात. मेम्फिसकडे ती नव्वदच्या दशकातच होती. तबला शिकलेल्याला एका वाक्यात कळेल: मात्रेचे चार भाग करायच्या ऐवजी तीन करायचे, चतुस्राऐवजी तिस्र. मांडीवर सावकाश ठेका धरा. आधी प्रत्येक ठोक्याला 'तकधिमि' म्हणा, मग ठोका तोच ठेवून 'तकिट' म्हणा. शब्द कमी झाले, पण अंग वेगळंच हलायला लागलं ना? त्या हलण्याला आलेखात रकानाच नाही. श्वास कुठे घेतला, ठोक्याच्या किंचित मागे राहून बोलला की पुढे, यांनाही नाही.

शिवाय 'पूर्वीचे' म्हणजे कधीचे? ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १५२०, सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत कूल हर्क या डीजेने बहिणीच्या पार्टीत दोन तबकड्यांवर गाण्याचा ठेक्याचा तुकडा लांबवत नेला. हिप-हॉपचा जन्म तिथे मानतात. त्या रात्री माइकवर जे होतं ते आरोळ्या, मित्रांची नावं, नाचणाऱ्यांना चेतवणं. शब्दसंपत्तीच्या आलेखात ती रात्र तळाला जाईल. ओळीच्या पोटात यमकांची वीण घालणारा राकिम पुढे १९८६-८७ मध्ये आला. तेव्हाही जुन्या पार्ट्यांतले काही जण म्हणाले असतील की हा नाचू देत नाही, नुसता बोलतो.

मग दादाला एवढी खात्री कशी? होलब्रुक आणि शिंडलर या दोन संशोधकांनी १९८९ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या दशकांतली गाणी ऐकवून पसंती विचारली. ऐकणारा सुमारे चोवीस वर्षांचा असताना जी गाणी गाजत होती, त्यांच्यावर पसंतीचं शिखर आलं. दादा तेवीसचा होता. परका देश, पहिली बर्फाची हिवाळी, वापरलेली गाडी आणि तिच्यातला रेडिओ. मेंदू त्या काळात पहिल्यांदा घडणाऱ्या गोष्टी जाड अक्षरात लिहून ठेवतो आणि पार्श्वभूमीला वाजणारं गाणंही त्याच पानावर चिकटतं. त्यात १९९८ ची सुमार गाणी आज कुणी वाजवत नाही, ती गळून गेली. आजची मात्र सुमार आणि चांगली एकत्रच कानावर पडतात. धुतलेले तांदूळ आणि पोत्यातले तांदूळ शेजारी ठेवून खडे मोजण्यासारखं आहे हे.

कॉर्नेल विद्यापीठाच्या क्रमहान्सल आणि त्यांचे सहकारी झुपनिक यांनी २०१३ मध्ये आणखी मजेदार गोष्ट दाखवली. वीस-एकवीस वर्षांच्या मुलांना, त्यांचे आईवडील तरुण असतानाची गाणीही विशेष जवळची वाटत होती. घरात आणि गाडीत वाजून वाजून ती मुरली होती. मी पुतण्याला विचारलं, तुझ्या फोनमध्ये बाबांची गाणी किती? तो म्हणाला, "दोन-तीन." थांबून म्हणाला, "वीसेक असतील. त्यांना सांगू नका."

सांगितलं नाही. पण दादाला फोन केला, कारण आलेखात त्याने एक गोष्ट पाहिलीच नव्हती. २०१४ च्या त्या मूळ क्रमवारीत सगळ्यात शेवटी, ३,२१४ शब्दांवर, डीएमएक्स आहे. १९९८ या एकाच वर्षात ज्याने काढलेले दोन्ही अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर उतरले तो. दादाच्या जुन्या गाडीत ज्याची सीडी अडकून बसली होती तो. २०२१ च्या एप्रिलमध्ये तो गेला, तेव्हा दादाने ग्रुपवर केकच्या खाली त्याचा फोटो टाकला होता आणि मावशीने हा कोण म्हणून विचारलं होतं.

"दादा, तळाला कोण आहे बघितलंस का?"

फोनवर बराच वेळ नुसता आलेख वर-खाली केल्याचा आवाज येत राहिला.

"त्याचं वेगळं आहे रे," दादा म्हणाला. "तो नुसता गुरगुरला तरी अंगावर काटा यायचा. त्याचे कसले शब्द मोजतोस!"