प्रिसिजन बेस आणि तिच्या तारा

प्रिसिजन बेस : चार तारांची, पडदे (फ्रेट) असलेली विद्युत बेस गिटार. लिओ फेंडर यांनी ती कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे घडवली आणि १९५१ मध्ये बाजारात आणली. तोवर वाद्यवृंदातला खर्ज उभ्या डबल बेसकडे असे. माणसाहून उंच असलेले ते वाद्य गावोगाव नेणे त्रासाचे होते, आणि ड्रम व पितळी वाद्यांच्या गजरात ते ऐकूही येत नसे. विजेवर चालणारी, पडद्यांची बेस पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकातच सिॲटलमध्ये केली होती, पण ती फारशी खपली नाही. आज बेस गिटार म्हटल्यावर जी आकृती डोळ्यांपुढे येते ती फेंडर यांचीच. १९५७ मध्ये तिला दोन तुकड्यांचे पिकअप (तारेच्या कंपनांचा विद्युत संकेत करणारा भाग) मिळाले, आणि शौकीन ज्या नादावर वाद घालतात तो नाद या १९५७ नंतरच्या रूपाचा आहे.

ग्रामीण विदर्भात हे वाद्य सर्रास दिसते असे नाही. शारदा-दुर्गा उत्सवातले ऑर्केस्ट्रा असोत, भीमगीतांचे कार्यक्रम असोत की झाडीपट्टीतली नाटके, खर्जाची बाजू बहुधा कीबोर्डवाल्याचा डावा हात उरकतो. एक माणूस कमी, एका बिदागीची बचत. जिथे स्वतंत्र बेसवाला असतो तिथे त्याच्या हातात अस्सल फेंडर क्वचितच असते. फेंडरच्याच स्क्वायर या स्वस्त नाममुद्रेची बेस किंवा त्या आकाराची एखादी नक्कल असते. नादाच्या चर्चेला त्यामुळे बाध येत नाही. या वाद्याची रचना इतकी साधी आहे की नक्कल बरी असली, तर उरलेला फरक मुख्यतः तारा, बोटे आणि स्पीकर यांचाच राहतो.

मोकळ्या तारांचे स्वर मि, ला, रे, सोल (E, A, D, G) असे पाश्चात्त्य पद्धतीने लावतात; त्यांची कंपनसंख्या अनुक्रमे सुमारे ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झ. घोडीपासून वरच्या आडपट्टीपर्यंत तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर. पिकअपचे दोन तुकडे मानेचे टोक आणि घोडी यांच्या मधोमध, एकमेकांपासून थोडे सरकवून बसवलेले असतात. जाड दोन तारांखालचा तुकडा मानेकडे, बारीक दोन तारांखालचा घोडीकडे. जागा मधली असल्यामुळे आवाजाला भरीवपणा येतो आणि धारही राहते. बटणे दोनच : एक आवाजाचे, दुसरे टोनचे. टोनचे बटण फक्त वरचे स्वरांश (मूळ स्वराबरोबर उमटणारे, त्याच्या पटीतले उंच स्वर) कापते, काही वाढवत नाही. १९६० मध्ये आलेल्या जॅझ बेसला दोन पिकअप असल्याने तिच्यावर पर्याय जास्त आहेत. मात्र पर्याय कमी असणे हा दोष आहे असे ठरवण्याआधी रात्री दोन वाजता, अर्ध्या उजेडात, पुढचे गाणे कोणते हे न कळता वाजवून पाहावे.

तारांच्या बाबतीत मतभेद जुने आहेत. बेसची तार म्हणजे पोलादी गाभ्यावर गुंडाळलेली दुसरी तार. गुंडाळीने वस्तुमान वाढते पण तार ताठर होत नाही, म्हणून इतक्या कमी लांबीत इतका खालचा स्वर निघतो. ही वरची गुंडाळी गोल तारेची असेल तर राउंडवाउंड, चपट्या पट्टीची असेल तर फ्लॅटवाउंड. सुरुवातीच्या प्रिसिजन बेसवर चपट्याच तारा असत. त्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत, बोट सरकताना चरचर नाही, पडद्यांची झीज कमी, आणि आवाज गोलसर, ठोक्यासारखा : सुरुवातीला धप्प, मग लवकर विरणारा. गोल गुंडाळीच्या तारा १९६० च्या दशकात पुढे आल्या. इंग्लंडच्या रोटोसाउंड कंपनीने ‘द हू’ बँडचे बेसवादक जॉन एंटविसल यांच्याबरोबर बसून केलेल्या तारांनी बेसला पियानोच्या खालच्या पट्टीसारखी झळाळी दिली. नव्या गोल तारांत वरचे स्वरांश भरपूर असतात. घाम, मळ आणि गंज गुंडाळीच्या खाचांत बसला की काही आठवड्यांत ते मंदावतात.

चपट्या तारांच्या बाजूचा सर्वांत मोठा दाखला म्हणजे डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचे वादक जेम्स जेमर्सन. १९६२ ची प्रिसिजन बेस, ला बेला कंपनीच्या जाड चपट्या तारा, घोडीच्या झाकणाखाली आवाज दाबणारा फोमचा तुकडा आणि उजव्या हाताची एकच तर्जनी, एवढ्यावर त्यांनी शेकडो गाणी वाजवली. तार तुटली तरच ते बदलत. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओ-वादक कॅरल के यांनीही चपट्या तारांवर, आवाज दाबून, पण बोटांऐवजी पिकने (तार छेडायच्या चकतीने) वाजवले. एकाच वाद्यातून निघालेले हे दोन आवाज ऐकले की लाकूड कोणते, रंग कोणत्या साली लावला यांवर रात्ररात्र भांडणाऱ्यांची थोडी गंमत वाटते.

‘तार बदलू नको गा, जुनी तारच गोड वाजते’ हा सल्ला आपल्याकडच्या वादकांनाही पटतो. त्यामागे जेमर्सन असतात, तसा खर्चही असतो. बेसच्या तारांचा संच साध्या गिटारच्या संचापेक्षा कितीतरी महाग पडतो आणि तालुक्याच्या दुकानात सहसा मिळत नाही. नागपुरातून आणा किंवा ऑनलाइन मागवा. म्हणून गोल तारा काढून पाण्यात उकळण्याची युक्ती चालते. तेलकट मळ सुटतो, आवाज पुन्हा उजळतो, पण काही दिवसांपुरताच. उकळल्यावर तारा पूर्ण वाळवणे महत्त्वाचे, नाहीतर गाभ्यालाच गंज धरतो. हिवाळी उन्हात हे काम तासाभरात होते. चपट्या तारांना ही युक्ती फारशी लागू नाही, आणि तिची गरजही नसते. त्या वर्षानुवर्षे टिकतात.

असे असताना आपल्या मंडपांत चपट्या ताराच वापराव्यात असे म्हणता येत नाही, आणि त्याचे कारण स्पीकर आहे. खांबाला बांधलेला भोंगा साधारण ३०० हर्ट्झच्या खालचा आवाज जवळजवळ गाळूनच टाकतो. बेसच्या मोकळ्या तारांचे चारही मूळ स्वर त्याच्या बरेच खाली आहेत. तरी भोंग्यातून बेस ऐकू येते, कारण मूळ स्वर गायब असला तरी त्याच्या पटीतले वरचे स्वरांश कानावर पडले की मेंदू खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. आता चपट्या तारेत हे वरचे स्वरांशच कमी. टोनचे बटण शून्यावर आणि खाली फोम, असा जेमर्सनी थाट भोंग्यावर लावला तर मागच्या रांगेला बेसवाला नुसता बोटे हलवताना दिसतो. उलट मोठे डीजे-बॉक्स लावलेले असतील तर नव्या गोल तारांची झणझण आणि बॉक्सचा गडगडाट एकत्र येऊन शब्द बुडतात. तिथे चपटी तार शोभते. साउंडवाला कोणता हे आधी कळत नसेल, तर महिना-दोन महिने वाजवलेल्या गोल तारा हाच सर्वांत शहाणा मध्यम मार्ग आहे.

तालवाद्याचाही विचार करावा लागतो. कहरव्यात किंवा दादऱ्यात तबल्याचा डग्गा बेसच्याच हद्दीत बोलतो. डग्ग्यावर मनगट दाबून काढलेला घुमारा आणि लांबवलेला बेसचा स्वर एकमेकांवर आले की दोन्ही गढूळ होतात. चपट्या तारेचा लवकर विरणारा ठोका इथे फायद्याचा. गोल तारा असतील तर डाव्या हाताचे बोट हलके उचलून स्वर वेळेवर तोडावा. हिंदी चित्रपटगीतांत बेस कशी जागा सोडते हे राहुल देव बर्मन यांच्या ध्वनिमुद्रणांत टोनी वाझ यांच्या बेसकडे कान लावल्यास नीट कळते. भीमगीतांत ढोलक आणि बँजो इतके गजबजलेले असतात की कडव्याला मोजकेच स्वर पुरतात.

गायकाची पट्टी ही वेगळीच अडचण. काळी एकमध्ये गाणे ठरले की कीबोर्डवाला ट्रान्सपोजचे बटण दाबून मोकळा होतो. बेसवाल्याला असे बटण नाही. काळी एकचा षड्ज कोणत्याच मोकळ्या तारेवर मिळत नाही. तो ‘ला’ तारेच्या चौथ्या पडद्यावर घ्यावा लागतो आणि हात सतत आवळलेला राहतो. झाडीपट्टीच्या नाटकांत हा ताण रात्रभर असतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात दिवाळीपासून होळीपर्यंत हा हंगाम चालतो, वडसा हे त्याचे केंद्र, आणि नाटके पहाटेपर्यंत रंगतात. संध्याकाळी सुरात लावलेली तार पहाटेच्या थंडीत आकसून किंचित चढते, कीबोर्ड मात्र जिथल्या तिथे राहतो. मध्यंतरात ट्यूनरवर एकदा नजर टाकलेली बरी.

विजेच्या बाबतीत दोन तुकड्यांचे पिकअप उपयोगी पडते. घरगुती विजेची गुणगुण ५० हर्ट्झ आणि तिच्या पटींत असते, म्हणजे नेमकी बेसच्या मुलखात. पिकअपच्या दोन तुकड्यांची गुंडाळी आणि चुंबके परस्परविरुद्ध असल्याने ही गुणगुण कटते, स्वर तेवढा राहतो. १९५७ पूर्वीच्या एकेरी पिकअपवर, शेजारी जनरेटर आणि डोक्यावर ट्यूबलाइट असताना, हे सुख नाही. आर्थिंग नसेल तर मात्र कोणतेही पिकअप वाचवत नाही. तारा घोडीमार्फत अँपच्या (ध्वनिवर्धकाच्या) आर्थिंगला जोडलेल्या असतात. ते सदोष असले आणि माइक दुसऱ्या जोडणीवर असला, तर तारांवर हात ठेवून माइकला ओठ लावताच झटका बसतो. वाजवण्याआधी टेस्टर लावणे हे सुरात लावण्याइतकेच नित्याचे असावे.

चारही तारांचा मिळून मानेवर पाऊणशे किलोच्या आसपास ताण येतो, आणि चपट्या तारांचा बहुधा जास्त. चंद्रपूरचा मे ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा लाकूड सुकून पडद्यांची टोके बोटाला टोचू लागतात. पावसाळ्यात तेच लाकूड दमट होऊन मान पुढे वाकते आणि तारा पडद्यांपासून उंच जातात. ही वाक मानेच्या आतल्या ट्रसरॉडने (पिळून ताण कमी-जास्त करता येणाऱ्या सळीने) काढतात. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये, आणि दुसरा पाव फेरा रात्रभर थांबून, तारा पुन्हा सुरात लावून मगच द्यावा.