रताळी भाजताना साखर कशाला?

भाजलेली रताळी गोड लागायला वरून साखर किंवा गूळ घालावाच लागतो, हा समज चुकीचा आहे. गोडवा रताळ्यातच तयार होतो. गर साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसवर असताना त्यातलं एन्झाइम स्टार्चपासून माल्टोज ही साखर बनवतं. त्याला वेळ हवा. मायक्रोवेव्हमध्ये हा टप्पा झटकन उरकतो, म्हणून तिथलं रताळं बरेचदा पिठूळ आणि सपक लागतं.

सालासकट अख्खी रताळी ओव्हनमध्ये १८० अंशांवर तासभर ठेवा, नाहीतर मंद निखाऱ्यात पुरा. सालीवर चिकट, काळपट पाक फुटला की झाली. मग तूप, मीठ, जिरेपूड आणि लिंबू. तोंडीलावणं म्हणून एवढं पुरे. गाजर-बिटात मात्र साखर आधीपासूनच असते, भाजताना पाणी आटून ती फक्त दाट होते.