मिनँडरची रौप्य नाणी

इंडो-ग्रीक (वायव्य भारतात राज्य करणाऱ्या ग्रीक वंशाच्या राजांपैकी) राजा पहिला मिनँडर (इ. स. पू. दुसरे शतक) याने काबूलच्या खोऱ्यापासून पंजाबपर्यंत पसरलेल्या आपल्या राज्यात पाडलेली चांदीची नाणी. पाली ‘मिलिंदपञ्ह’मध्ये नागसेन भिक्षूला प्रश्न विचारणारा राजा मिलिंद तो हाच. इंडो-ग्रीक राजांपैकी सर्वाधिक नाणी त्याचीच सापडतात.

हिंदुकुशापलीकडे बॅक्ट्रियात (आजच्या उत्तर अफगाणिस्तानाच्या भागात) अथेन्सचे वजनमान चाले. तिथला द्राख्मा, म्हणजे ग्रीकांचे चांदीचे नाणे, सुमारे ४.३ ग्रॅमचा. मिनँडरचा द्राख्मा जेमतेम २.४५ ग्रॅमचा, तर चार द्राख्मांचे नाणे दहा ग्रॅमच्या आतबाहेर. हे हलके मान आणि नाण्यावर दोन भाषा, हे दोन्ही त्याच्याआधी पहिला अपोलोडोटस या इंडो-ग्रीक राजाच्या नाण्यांवर दिसते.

दर्शनी बाजूला राजाचा मुखवटा असतो: कधी केसांना फीत बांधलेला, कधी शिरस्त्राण घातलेला. भाला उगारलेला, पाठमोरा मिनँडर हा यांतला सर्वांत देखणा प्रकार. एवढ्याशा चकतीवर खांद्याचा पीळही जाणवतो. भोवती ग्रीक लेख: ‘बासिलेऑस सोतेरोस मेनान्द्रू’, म्हणजे त्रात्या मिनँडर राजाचे. मागे वज्र फेकण्याच्या पवित्र्यातली अथीना देवी आणि तोच मजकूर खरोष्ठी या वायव्य भारतातल्या जुन्या लिपीत, प्राकृतात: ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’.

या जोडलेखांचे ऋण इतिहासावर मोठे आहे. खरोष्ठी वाचणारे कोणी उरले नव्हते, तेव्हा ग्रीक बाजूवरची नावे मागच्या बाजूला कुठे येतात हे नाणी गोळा करणारा प्रवासी चार्ल्स मॅसन याने हेरले आणि १८३०च्या दशकात जेम्स प्रिन्सेप या अभ्यासकाने त्या धाग्याने लिपी उलगडत नेली.

राजा गेल्यावरही नाणी चालत राहिली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात, अपोलोडोटस व मिनँडर यांचे जुने द्राख्मे भडोचला अजून चालतात, अशी नोंद आहे. पश्चिम भारतात राज्य करणाऱ्या शक वंशीय पश्चिम क्षत्रपांनी आपल्या चांदीच्या नाण्यांसाठी हाच लहान द्राख्मा नमुना धरला. त्यांच्यापैकी नहपान या राजाच्या नाण्यावर राजाचे मस्तक आहे, भोवती ग्रीक अक्षरेही आहेत. पण ती अक्षरे जुळवून वाचली तर मजकूर प्राकृत निघतो. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये अशा तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने, नहपानाचा पाडाव केल्यावर, स्वतःचा ठसा उमटवलेला आहे.