दुसऱ्याच्या नावाचा चेक घेतलात आणि तो परत आला, तर

गिऱ्हाइकाकडून आलेला चेक दुकानदार मागे सही करून घाऊक व्यापाऱ्याला देऊन टाकतो, हे बाजारात अजून चालतं. तो वटला नाही की घाऊक व्यापारी हवालदिल होतो. चलनक्षम दस्तऐवज कायदा, १८८१ खरं तर त्याच्या बाजूने आहे. मोबदला देऊन आणि देणाऱ्याच्या हक्कात खोट असल्याची शंका यायला कारण नसताना ज्याने चेक घेतला, तो कलम ९ प्रमाणे ‘यथाविधी धारक’. दुकानदाराने गिऱ्हाइकाला खराब माल दिला असेल, तर ते भांडण त्या दोघांचं. त्यावरून तुमचे पैसे अडवता येत नाहीत.

पण आधी चेक नीट बघा. ‘अकाउंट पेयी’ लिहिलं असेल तर बँक तो दुसऱ्याच्या खात्यात घेत नाही. ‘नॉट निगोशिएबल’ असेल तर देणाऱ्याचा हक्क जेवढा, तेवढाच तुमचा. तो चोरीचा निघाला, तर तुमचा प्रामाणिकपणा उपयोगी पडत नाही. नावापुढचं छापील ‘या धारक को’ खोडलेलं असेल, तर ज्याच्या नावाचा चेक आहे त्याची मागे सही हवीच. ती सही खोटी असेल, तर हक्क मिळतच नाही.

चेक परत आला म्हणून तक्रार करायची, तर कागदांत अस्सल चेक, बँकेचा रिटर्न मेमो (चेक परत केल्याची चिठ्ठी), नोटिशीची प्रत, पोस्टाची पावती आणि पोचपावती लागते. हे बहुतेकांकडे असतं. नसतं ते मालाचं बिल. कलम ११८ धारकाला यथाविधी धारक मानूनच चालतं, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण चेक मूळ मालकाकडून फसवून किंवा गुन्ह्याने काढून घेतला होता असं निघालं, की सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. तेव्हा तोंडी ‘माल दिला होता’ याला कोण विचारतो? बिलावर चेकचा नंबर त्याच दिवशी लिहून ठेवा.

आता मुदत. चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यापुढच्या एका महिन्यात कलम १३८ खाली फौजदारी तक्रार, तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात. तक्रारीचा उशीर सबळ कारण असेल तर माफ होऊ शकतो, नोटिशीचा होत नाही.

आणि नोटीस चेक लिहिणाऱ्याला पाठवा! भुसार मालाचे एक व्यापारी पिशवीत सगळे कागद जपून घेऊन आले होते. नोटीस दहाव्या दिवशीच गेलेली, पण पाकिटावर नाव ज्याने चेक हातात दिला त्या दुकानदाराचं. त्याच्याकडून दिवाणी मार्गाने पैसे मागता येतात, पण १३८ लागतं ते खातेदाराला. हे कुठल्याही काउंटरवर कोणी सांगत नाही, याचा मला राग येतो. तीस दिवस उलटून गेले होते. सुदैवाने चेकवरच्या तारखेपासूनच्या तीन महिन्यांतले नऊ दिवस उरले होते. चेक पुन्हा बँकेत टाकायला लावला. नवा मेमो आला की नवे तीस दिवस मिळतात. या वेळी पाकिटावरचं नाव आम्ही चेकवरच्या सहीशी दोनदा ताडून पाहिलं.