पत्र्यातला तडा नेमका कुठे?

१९१७ साली मँचेस्टरचे गणितज्ञ होरेस लॅम्ब यांनी पातळ पत्र्यातून लहरी कशा पसरतात याचं गणित मांडलं. त्याच सुमारास फ्रान्समध्ये पॉल लांजवँ पाणबुड्यांचा माग काढायला क्वार्ट्झच्या साहाय्याने पाण्यात अल्ट्रासोनिक, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या उंच ध्वनीच्या, लहरी सोडत होते. विमानाच्या पत्र्यातला तडा शोधायला आज दोघांचंही काम लागतं. त्या वेळी तसं कुणाच्या ध्यानीमनीही नसावं.

धातूतले दोष या लहरींनी सापडतील, असं सोव्हिएत संशोधक सर्गेई सोकोलोव यांनी १९२८मध्ये सुचवलं. १९४०च्या दशकात अमेरिकेच्या फ्लॉइड फायरस्टोन यांनी प्रतिध्वनीवर चालणारं यंत्र बनवलं. अडचण एकच: प्रोब, म्हणजे लहरी सोडणारं-टिपणारं टोक, जिथे टेकवाल तिथलंच कळणार. अख्खं विमान असं इंचाइंचाने कोण तपासणार?

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७चं छप्पर साडेपाच मीटरभर उडून गेलं. एक हवाईसुंदरी बाहेर फेकली जाऊन दगावली. या विमानाची ८९,६८० उड्डाणं झाली होती. चढताना एका प्रवासी बाईंना दाराजवळ तडा दिसलाही होता, पण त्या कुणाला बोलल्या नाहीत. जुन्या विमानांच्या तपासणीचा प्रश्न ऐरणीवर आला तो इथे.

सेन्सर पत्र्यावर कायमचेच चिकटवून ठेवायचे, ही कल्पना अशा ठिकाणी उपयोगी. एकाने लॅम्ब लहर, म्हणजे लॅम्ब यांच्या गणितातली पत्र्यातून पसरणारी लहर, सोडायची, बाकीच्यांनी ऐकायचं. पत्रा धडधाकट असतानाची नोंद आजच्या नोंदीतून वजा केली की उरते ती तड्यावरून आलेली लहर. ती किती उशिरा पोचली यावरून जागा काढायची. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात लहरीचा वेग तिच्या वारंवारतेनुसार आणि पत्र्याच्या जाडीनुसार बदलतो, कडांवरून प्रतिध्वनी येतात, आणि तापमान थोडं जरी बदललं तरी वजाबाकीत तड्यापेक्षा मोठा गोंधळ उरतो.

सूत्रांना न आवरणारा हा गोंधळ मशीन लर्निंगकडे, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणक-मॉडेलांकडे, आला. त्यातल्या आधीच्या न्यूरल नेटवर्क या प्रकारच्या मॉडेलांना लहरींची वैशिष्ट्यं माणसं निवडून देत. डीप लर्निंगमध्ये, म्हणजे अनेक थरांच्या नेटवर्कमध्ये, मॉडेल ती कच्च्या सिग्नलमधून स्वतःच हुडकतं. पण शिकवायला उदाहरणं लागतात, आणि तडे पाडायला विमान कोण देणार? म्हणून प्रयोगशाळेत पत्र्यावर छोटं वजन चिकटवून नुकसानीचं सोंग आणतात, जागा बदलत शेकडो नोंदी घेतात. अशा सपाट पत्र्यावर तरबेज झालेलं मॉडेल रिव्हेटच्या रांगा असलेल्या खऱ्या पंखावर मात्र अजून अडखळतं.