"ओळखलासा काय?"

निपाणीतल्या आमच्या घरी थोरल्या काकूंना आता ७२ वे वर्ष चालू आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांना अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा आजार असल्याचे निदान झाले. सकाळी काय खाल्ले हे त्यांना दहा वाजता सांगता येत नाही आणि चिकोडीला दिलेली लेक भेटायला आली, की तिला त्या आपली धाकटी बहीण समजतात. सुरुवातीला येणारा प्रत्येक पाहुणा उंबऱ्यातूनच विचारायचा, "काकू, मी कोण? ओळखलासा काय?" काकू आधी हसायच्या, मग गोंधळायच्या आणि शेवटी पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळत गप्प बसायच्या.

एके दुपारी शेजारच्या आक्का विड्यांचे सूप घेऊन आमच्या कट्ट्यावर येऊन बसल्या. काकूंनी उभी हयात विड्या वळल्या होत्या, पण निदान झाल्यापासून त्या कामाला हात लावला नव्हता. त्या नुसत्या पुढे सरकल्या, भिजवलेले तेंदूचे पान उचलून पत्र्याच्या मापावर ठेवले, कात्रीने कापले, चिमूटभर जर्दा पसरून पान वळले, नखाने टोक आत दुमडले आणि दोऱ्याचे वेढे दिले. लेकीचे नाव विसरलेल्या बाईच्या बोटांना यातली एकही पायरी आठवावी लागली नाही.

यामागचे कारण असे, की स्मृती म्हणजे सगळे काही एकत्र भरून ठेवलेली एकच पेटी नव्हे. आज कोण आले, काय बोलणे झाले अशा ताज्या घटनांची नोंद करण्याचे काम मुख्यतः हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या आतल्या भागाकडे असते, आणि अल्झायमरमध्ये हाच भाग व त्याच्या लगतचा प्रदेश फार लवकर बाधित होतो. हाताला बसलेले वळण मात्र मेंदूच्या तळाशी असलेले चेतापेशींचे पुंजके आणि लहान मेंदू सांभाळतात, आणि तिथवर आजार बराच उशिरा पोहोचतो. जात्यावरची ओवी किंवा लहानपणापासून म्हटलेला हरिपाठ अनेकांच्या ओठांवर शेवटपर्यंत टिकतो, त्यामागेही सरावाने खोल रुजण्याची अशीच प्रक्रिया असते.

जुन्या आठवणींचेही काहीसे असेच आहे. नवे आधी पुसले जाते आणि जुने मागाहून, हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ थिओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्येच मांडले होते. शिवाय माणसाला आयुष्यातला साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांपर्यंतचा काळ सर्वांत दाट आठवतो, असे संशोधकांना वारंवार आढळले आहे. काकूंच्या त्या वयात आमच्या गावात १९८१ चे तंबाखू आंदोलन झाले. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले होते. कालचा दिवस हरवलेल्या काकू त्या दिवसांत घरून बांधून नेलेल्या भाकऱ्यांविषयी सलग अर्धा तास बोलू शकतात. त्यातले तपशील कधी इकडचे तिकडे होतात, पण आम्ही ते दुरुस्त करत बसत नाही.

आपल्या सीमाभागात यात भाषेचीही गुंतागुंत असते. घरात मराठी आणि बाजारात व कचेरीत कन्नड असे जगलेल्या माणसाची नंतर शिकलेली भाषा आजारात अनेकदा आधी मागे पडते. काकूंना आता कन्नडमधून काही विचारले, तर प्रश्न कळल्यासारखा वाटतो, पण उत्तर मराठीत येते. दवाखान्यात हे सांगायला हवे, नाहीतर भाषेची अडचण बुद्धीच्या खात्यावर लिहिली जाते. दोन भाषांच्या सवयीचा लाभही असू शकतो. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादेत स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली होती, आणि हा फरक निरक्षर रुग्णांतही आढळला. त्यामुळे आजार टळतो असे म्हणता येणार नाही, पण बेळगाव, खानापूर, अथणी या भागांतल्या कुटुंबांनी हा निष्कर्ष नक्की लक्षात ठेवावा.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. "भेटून काय उपयोग, पाच मिनिटांत विसरणारच," हे वाक्य मी किती घरांत ऐकले असेल! आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये अल्झायमरच्या १७ रुग्णांना आधी दुःखद आणि नंतर आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात त्यांना काय पाहिले ते फारसे सांगता येईना, परंतु त्यातून मनात उमटलेली भावना मात्र तशीच रेंगाळत राहिली. ज्यांना कमी आठवत होते, त्यांचे दुःख उलट अधिक काळ टिकले. याचा अर्थ असा, की दारात परीक्षा घेऊन काकूंना ओशाळे करणारा पाहुणा निघून गेल्यावर, तो आला होता हे त्या विसरत असतील, पण मनाला लागलेली टोचणी मागे उरत असेल. शेजारी बसून पान कापणाऱ्या आक्का गेल्यावरचे समाधानही तसेच उरत असणार.

भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज आहे. विस्मरण दिसताच प्रथम डॉक्टरांना दाखवावे, कारण बी-१२ची कमतरता किंवा थायरॉइडचा विकार असेल, तर त्यावर उपचार होतात. जुने फोटो आणि ओळखीच्या वस्तू घेऊन आठवणी काढण्याच्या पद्धतीचा लाभ माफक असतो आणि तो प्रत्येकाला सारखा होत नाही, एवढेच अभ्यासांतून दिसते. तरीही आमच्या घरात त्यासाठी जागा झाली आहे.

आता काकूंच्या सुपात जर्दा नसतो, त्याऐवजी सुक्या पानांचा चुरा ठेवतो. चिकोडीची लेक येते, "जेवलासा काय?" एवढेच विचारते आणि शेजारी बसून पाने कापू लागते. परवा काकूंनी तिच्या हातातली कात्री काढून घेतली, पान फिरवून दाखवले आणि म्हणाल्या, "शीर अशी ठेव, न्हाईतर वळताना फाटतं."